भांडी, किल्ल्या आणि गोधड्या : घरातील साध्या वस्तूंचे मोल

घरातील मौल्यवान वस्तू कोणत्या, असे विचारले तर बहुतेकांना प्रथम दागिने, घराची कागदपत्रे किंवा बँकेतील ठेवी आठवतात. परंतु घर कायमचे सोडावे लागलेल्या लोकांनी आयुष्यभर काय सांभाळून ठेवले हे पाहिले, तर वेगळीच यादी समोर येते. ताक घुसळण्याचा घडा, कापड मोजण्याचा गज, कुलूप लावून आलेल्या घराची किल्ली, आईने शिवलेली रजई, चामड्याची जुनी पेटी अशा वस्तू या यादीत असतात. बाजारात त्यांना फारशी किंमत येत नाही. तरीही तीन-तीन पिढ्यांनी त्या जपल्या आहेत.

अशा वस्तूंचे मोल कोठून येते, हे समजून घेण्यासाठी राजधानी दिल्ली आणि तिचा परिसर हे योग्य ठिकाण ठरते. आजची दिल्ली मोठ्या प्रमाणावर १९४७ मध्ये घर गमावलेल्या कुटुंबांनी उभारली आहे. त्या कुटुंबांबरोबर आलेल्या वस्तूंचा अभ्यास आणि जतन अलीकडच्या काळात पद्धतशीरपणे होऊ लागले आहे.

हातात मावेल तेवढे घर

१९४१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या सुमारे ९ लाख १८ हजार होती. १९५१ मध्ये ती १७ लाख ४४ हजारांवर पोहोचली. या जनगणनेत दिल्लीमध्ये सुमारे ४ लाख ९५ हजार निर्वासितांची नोंद झाली. त्यांत पश्चिम पंजाब, सिंध आणि वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या हिंदू आणि शीख कुटुंबांचा मोठा भरणा होता. त्याच काळात सुमारे तीन लाखांहून अधिक मुस्लिम रहिवाशांनी दिल्ली सोडली. त्यांपैकी हजारो लोक पुराना किल्ला आणि हुमायूनची कबर येथील छावण्यांत दिवस काढून पाकिस्तानकडे जाणाऱ्या गाड्यांत बसले. पतीची मसुरी येथे हत्या झाल्यानंतर महात्मा गांधींच्या सांगण्यावरून या छावण्यांत सेवाकार्य करणाऱ्या अनीस किडवाई यांनी तेथील दिवसांचे वर्णन उर्दूत लिहून ठेवले आहे. घर सोडण्याचे दुःख सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच होते, हे त्यावरून स्पष्ट होते.

निघताना काय घ्यायचे, हा विचार करण्यास बहुतेकांना सवडच मिळाली नाही. वस्तूंची निवड प्रवासाच्या साधनावर अवलंबून होती. विमानाने किंवा गडबड सुरू होण्यापूर्वी रेल्वेने आलेल्यांना पेट्या आणता आल्या. पायी निघालेल्या काफिल्यांतील लोकांना डोक्यावर किंवा बैलगाडीत मावेल तेवढेच नेता आले. लायलपूर भागातून निघालेल्या एका काफिल्यात सुमारे चार लाख लोक होते, असे मानले जाते.

सोबत घेतलेल्या वस्तू ढोबळमानाने चार प्रकारच्या होत्या. पहिल्या प्रकारात विकून पैसे उभे करता येतील असे दागिने येतात. दुसऱ्या प्रकारात वाटेत जगण्यासाठी लागणारे भांडे, पाण्याचा लोटा आणि अंथरूण-पांघरूण यांचा समावेश होतो. घराचे खत, शाळेचे प्रमाणपत्र, पदवी अशी ओळख आणि हक्क सिद्ध करणारी कागदपत्रे हा तिसरा प्रकार. चौथ्या प्रकारात धर्मग्रंथ, छायाचित्रे आणि किल्ल्या येतात. परिस्थिती निवळली की परत यायचे आहे, अशी अनेकांची समजूत होती. म्हणून त्यांनी घराला कुलूप लावले आणि किल्ली कनवटीला बांधली. ती किल्ली पुन्हा कधीही त्या कुलपात फिरली नाही.

येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. उचलताना ते भांडे कोणाच्याही दृष्टीने वारसा नव्हते. डाळ शिजवण्यासाठी काहीतरी हवे, एवढ्याच विचाराने ते घेतले गेले होते. पुढे छावणीत त्याच भांड्यात अन्न शिजले, दोन खोल्यांच्या घरात तेच चुलीवर चढले, आणि गावाकडच्या स्वयंपाकघरातील शिल्लक राहिलेली एकमेव वस्तू तीच आहे, हे हळूहळू घराच्या ध्यानी आले. वस्तूचे मोल असे वापरातून आणि काळ लोटल्यानंतर चढत जाते.

सरकारी दाव्यात न मावणारी मालमत्ता

निर्वासितांच्या नुकसानीची मोजदाद करण्याचे काम शासनाने हाती घेतले. विस्थापित व्यक्तींच्या दाव्यांविषयीचा कायदा १९५० मध्ये आणि भरपाई व पुनर्वसनाविषयीचा कायदा १९५४ मध्ये झाला. या व्यवस्थेत पाकिस्तानात राहिलेली घरे, दुकाने अशा स्थावर मालमत्तेच्या दाव्यांची नोंदणी व पडताळणी करण्यात आली. लाजपत नगर, राजेंद्र नगर, पटेल नगर, मालवीय नगर अशा वसाहती दिल्लीत उभ्या राहिल्या. सरहद्द प्रांतातून आलेल्या कुटुंबांसाठी १९४९ च्या सुमारास फरीदाबाद येथे नवी औद्योगिक वसाहत वसवण्यास प्रारंभ झाला. महाराष्ट्रात कल्याणजवळील लष्करी छावणीच्या जागी आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले.

एवढ्या मोठ्या लोकसंख्येला निवारा देणे हे अत्यंत कठीण काम होते. परंतु दाव्याच्या अर्जात घराच्या भिंती मोजता येत असल्या, तरी त्या भिंतींच्या आत काय होते हे लिहिण्यास रकाना नव्हता. आजीचा चरखा, लेकीच्या लग्नासाठी वर्षानुवर्षे भरलेली फुलकारी, लोणच्याची बरणी यांची भरपाई कोणतेही कार्यालय देऊ शकत नव्हते. घर पुन्हा मिळणे आणि घरपण पुन्हा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पिढीने अनुभवले.

घरपण लोकांनी स्वतःच उभे केले. पंजाबमधील सामायिक तंदुराची रीत नव्या वसाहतींत आली. मळलेली कणीक घेऊन स्त्रिया तंदुराजवळ जमत, भाकऱ्या भाजून होईपर्यंत नातेवाइकांची खबरबात कळे. परातीसारख्या साध्या वस्तूमुळे अनोळखी लोकांमध्ये शेजार निर्माण झाला.

एक घडा आणि एक गज

अशा वस्तूंना इतिहासाचे साधन मानून त्यांचा शोध घेण्याचे लक्षणीय काम दिल्लीच्या लेखिका आंचल मल्होत्रा यांनी केले आहे. त्यांचे कुटुंब निर्वासित होते. त्यांचे आजोबा बलराज बहरी यांनी १९५३ मध्ये खान मार्केटमध्ये 'बहरीसन्स' हे पुस्तकांचे दुकान सुरू केले होते. २०१३ मध्ये उत्तर दिल्लीतील आजोळच्या नातेवाइकांच्या घरी त्यांना दोन जुन्या वस्तू पाहावयास मिळाल्या. त्यांपैकी एक लस्सी घुसळण्याचा धातूचा घडा होता आणि दुसरी कापड मोजण्याचा गज. दोन्ही वस्तू लाहोरहून आल्या होत्या.

फाळणीविषयी विचारले असता वडीलधारी माणसे सहसा फारसे बोलत नसत. परंतु वस्तू हातात घेतल्यावर त्यांना आठवणी सांगाव्याशा वाटू लागल्या. कोणाच्या हातात तो गज असे, घडा कोणत्या कोपऱ्यात ठेवलेला असे, लस्सी कोण घुसळत असे, हे तपशील बाहेर आले. या अनुभवातून मल्होत्रा यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या कुटुंबांना भेटून त्यांच्याकडील वस्तूंच्या कथा नोंदवल्या. त्यांचे 'रेमनन्ट्स ऑफ अ सेपरेशन' हे पुस्तक २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी 'म्युझियम ऑफ मटेरियल मेमरी' हे इंटरनेटवरील संग्रहालयही सुरू झाले. त्यात उपखंडातील कुटुंबे आपल्या घरातील जुन्या वस्तू आणि त्यांची हकीकत नोंदवतात.

या पद्धतीमागील तत्त्व सोपे आहे. 'त्या वेळी काय घडले' हा प्रश्न मोठा आणि भीतिदायक असतो. 'हे भांडे कोणाचे' हा प्रश्न लहान असतो आणि त्याचे उत्तर देता येते. त्या लहान उत्तरातून मोठ्या प्रश्नाकडे जाण्याची वाट सापडते.

कोट आणि पेटी

अमृतसरच्या टाउन हॉलमध्ये २०१७ मध्ये फाळणी संग्रहालय सुरू झाले. दिल्लीत काश्मिरी गेटजवळील दारा शिकोह ग्रंथालयाच्या इमारतीत मे २०२३ मध्ये असेच संग्रहालय खुले करण्यात आले. त्यात सिंधमधून आलेल्यांसाठी स्वतंत्र दालन आहे. या दोन्ही ठिकाणी शस्त्रे आणि राजमुद्रा यांच्यापेक्षा भांडी, कपडे, पत्रे आणि पेट्या यांना अधिक स्थान आहे. या वस्तूंपैकी अनेक निर्वासित कुटुंबांनी दिलेल्या आहेत.

अमृतसर येथील दोन वस्तूंची हकीकत विशेष प्रसिद्ध आहे. एक आहे फुलकारीचे भरतकाम असलेला स्त्रीचा कोट आणि दुसरी तपकिरी चामड्याची पेटी. फाळणीपूर्वी एका तरुण-तरुणीचा विवाह घरच्यांनी ठरवला होता. दंगलींत दोन्ही कुटुंबांची वाताहत झाली. तरुणाचे तीन भाऊ मारले गेले. तो पेटीत आपली प्रमाणपत्रे आणि मालमत्तेची कागदपत्रे घेऊन निघाला. तरुणी लहान भावाला कडेवर घेऊन आणि आवडता कोट सोबत घेऊन अमृतसरला पोहोचली. तेथील छावणीत अन्नासाठी लागलेल्या रांगेत दोघांची अकस्मात भेट झाली. १९४८ मध्ये अगदी साधेपणाने त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांच्या कुटुंबीयांनी या दोन्ही वस्तू संग्रहालयाकडे सोपवल्या.

कोट आणि पेटी यांच्याकडे नुसते पाहिले तर तशा अनेक वस्तू जुन्या बाजारात मिळतील. हकीकत कळल्यानंतर मात्र पाहणाऱ्याची पावले तेथे थबकतात. वस्तू आणि तिची हकीकत यांची ताटातूट झाली की संग्रहालयातील वस्तूही मोडीत निघण्याजोगी वाटू लागते.

अडकित्ते, दिवे आणि एका मुलाची स्मृती

मराठी वाचकांना हा विचार अपरिचित नाही. पुण्यातील बाजीराव रस्त्याजवळचे राजा दिनकर केळकर संग्रहालय हे त्याचे ठळक उदाहरण आहे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवण्यास सुरुवात केली. अडकित्ते, दिवे, समया, पानाचे डबे, पाय घासण्याच्या वज्री, फण्या, स्वयंपाकघरातील उपकरणे अशा रोजच्या वापरातील वस्तूंचा शोध घेत ते देशभर फिरले. या कार्यात त्यांच्या पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ होती. त्यांचा मुलगा राजा बालपणीच निवर्तला. त्याच्या नावाने हे संग्रहालय उभे राहिले. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा हा संग्रह केळकर यांनी महाराष्ट्र शासनाला अर्पण केला. १९८० मध्ये त्यांना पद्मश्री किताबाने गौरवण्यात आले.

घरातील एक मूल गेल्यानंतर शेकडो अनोळखी घरांतील वस्तू त्याच्या नावाखाली एकत्र आल्या. या वस्तू बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्या बहुसंख्य माणसांची नावे इतिहासात नाहीत. परंतु पोपटाच्या आकाराचा अडकित्ता पाहताना तो घडवणाऱ्याची हौस आणि सुपारी कातरणाऱ्या हाताची सवय या दोन्ही गोष्टी आजही जाणवतात.

मोल कशाचे : वस्तूचे की नात्याचे?

या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यासही झालेला आहे. मिहाय चिकसेंटमिहाय आणि यूजीन रॉकबर्ग-हॅल्टन या अभ्यासकांनी अमेरिकेतील शिकागो परिसरात ८२ कुटुंबांतील ३१५ व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या. घरातील कोणत्या वस्तू विशेष वाटतात आणि का, असे प्रत्येकाला विचारण्यात आले. या अभ्यासावरील 'द मीनिंग ऑफ थिंग्ज' हे पुस्तक १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले.

या अभ्यासातून दोन महत्त्वाच्या गोष्टी पुढे आल्या. वस्तू विशेष वाटण्याचे कारण सांगताना लोकांनी तिच्या किमतीपेक्षा आठवणी, माणसे आणि अनुभव यांचा उल्लेख अधिक केला. शिवाय घरातील पिढ्यांची उत्तरे वेगवेगळी होती. मुलांना संगीत ऐकण्याची उपकरणे, दूरचित्रवाणी अशा काहीतरी करता येणाऱ्या वस्तू महत्त्वाच्या वाटत. आजी-आजोबांच्या पिढीने छायाचित्रांसारख्या, मागे वळून पाहण्यास साहाय्य करणाऱ्या वस्तूंना अधिक पसंती दिली.

एकाच छपराखाली राहणाऱ्या माणसांना वेगवेगळ्या वस्तू मोलाच्या वाटतात, हा निष्कर्ष घरोघरी होणाऱ्या एका नेहमीच्या वादाचे स्पष्टीकरण देतो. आजीला जे जपायचे असते ते नातवाला अडगळ वाटते. यात कोणाचा दोष नसतो. नातवाच्या हाताला त्या वस्तूची सवय नसते आणि तिची हकीकत त्याला कोणी सांगितलेली नसते.

सीमा न ओलांडता होणारी हानी

फाळणीच्या वेळी वस्तू भीतीपोटी मागे राहिल्या. आज त्या घरांतून निमूटपणे बाहेर पडत आहेत. गुरुग्राम, नोएडा, द्वारका येथील सदनिकांत माळे आणि कोठीच्या खोल्या नसतात. बदलीच्या नोकरीत सामान कमी असलेले बरे वाटते. परिणामी घर बदलताना किंवा वडीलधारे माणूस गेल्यानंतर एका दुपारी भंगारवाल्याला बोलावले जाते आणि पितळेची भांडी वजनावर जातात.

यामागे व्यावहारिक कारणेही आहेत. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो. म्हणून आतून कथलाचा मुलामा, म्हणजे कल्हई करावी लागते. कल्हईवाला दारावरून फिरेनासा झाला आणि स्टेनलेस स्टील स्वस्त झाले, तेव्हा पितळ अडचणीचे ठरले. मराठी घरांतील पाटा-वरवंटा मिक्सरमुळे मागे पडला. हे बदल गृहिणीचे कष्ट कमी करणारे होते आणि त्यांचे स्वागत झाले हे योग्यच होते.

कपड्यांचीही अशीच वाट असते. महाराष्ट्रात बोहारीण जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देते. दिल्लीतही हा व्यवहार चालतो. पश्चिम दिल्लीतील रघुबीर नगर येथे जुन्या कपड्यांचा मोठा बाजार भरतो आणि पहाट होण्यापूर्वीच तेथे व्यवहार सुरू होतात. मानववंशशास्त्रज्ञ लुसी नॉरिस यांनी दिल्लीतील या साखळीचा अभ्यास करून २०१० मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. कोणती साडी लेकीला द्यायची, कोणती गोधडीत शिवायची आणि कोणती भांड्याच्या बदल्यात द्यायची, हा निर्णय प्रत्येक घरात घेतला जातो. सगळेच राखून ठेवणे शक्य नसते, आवश्यकही नसते. आईच्या मऊ झालेल्या साड्यांची गोधडी अनेक थंड रात्री उपयोगी पडते, आणि वापरात राहिल्यामुळेच ती घरात टिकते.

चिंता आहे ती वस्तू विचारपूस न होताच जाण्याची. १९४७ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. घड्याची हकीकत सांगू शकणारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत. वस्तू हरवली तर तिचे वर्णन तरी उरते. सांगणारे माणूस गेले तर वस्तू असूनही ती अबोल होते.

जतन कसे करावे?

घरातील वस्तूंचे जतन करण्यासाठी संग्रहालयाची आवश्यकता नसते. पुढील काही गोष्टी कोणत्याही कुटुंबाला करता येण्यासारख्या आहेत.

• प्रथम हकीकत, नंतर वस्तू : घरातील ज्येष्ठ व्यक्तीसमोर वस्तू ठेवून ती कोणाची, कोठून आली, कोण वापरत असे, हे विचारावे. भ्रमणध्वनीवर आवाज ध्वनिमुद्रित करावा. गाव, वर्ष आणि नाती स्पष्टपणे नोंदवावीत.

• कोरलेली नावे वाचावीत : लग्नात मिळालेल्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव, तिथी किंवा वर्ष कोरून घेण्याची पद्धत आहे. सततच्या घासण्याने ही अक्षरे झिजतात. ती वाचता येत आहेत तोवर लिहून ठेवावीत आणि त्यांचे छायाचित्र घ्यावे.

• छायाचित्रांच्या मागे नावे लिहावीत : मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. शाईच्या पेनाचा दाब आणि डाग समोरच्या बाजूस उमटू शकतात.

• कागदपत्रांना चिकटपट्टी लावू नये : काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून कागद खराब होतो. जुन्या कागदांना प्लास्टिकचे आवरण कायमचे चिकटवणेही टाळावे. सपाट ठेवून कोरड्या जागी जपावे.

• वस्त्रे सुती कापडात गुंडाळावीत : तीव्र ऊन टाळावे. काही महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या ठिकाणी घडी घालावी, म्हणजे एकाच रेषेवर कापड विरत नाही.

• शक्य असेल ते वापरात ठेवावे : सणाच्या दिवशी तरी जुन्या भांड्यात एक पदार्थ करावा. वस्तू हाताळल्याने मुलांच्या मनात तिच्याविषयी आपलेपणा निर्माण होतो.

• सगळेच ठेवू नये : जागा नसेल तर एक-दोन वस्तू निवडाव्यात. उरलेल्या देण्यापूर्वी त्यांची हकीकत आणि छायाचित्र ठेवावे.

शासकीय दाव्यांच्या नोंदींत ज्यांना जागा मिळाली नाही, त्याच वस्तू आज फाळणीच्या इतिहासाची साधने ठरल्या आहेत. कारण कोणीतरी त्या जपल्या आणि कोणीतरी त्यांच्याविषयी विचारले. प्रत्येक घरात असे एखादे भांडे, पेटी किंवा गोधडी असते. तिची हकीकत ज्यांना ठाऊक आहे ती माणसे घरात आहेत तोवर ती विचारून घेणे, हेच तिचे खरे जतन होय.